रंगमंच नसलेली नाटककार

बॉस्टनच्या आसपास राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी एकदा तरी केलेली एक गोष्ट म्हणजे एप्रिलमध्ये पहाटे चार-साडेचारला पोरांना झोपेतून उठवून, जाड कोट चढवून लेक्सिंग्टनच्या मैदानावर नेणं. तिथे १९ एप्रिल १७७५ची चकमक जशीच्या तशी करून दाखवतात. लाल कोटातले सैनिक येतात, शेतकरी उभे राहतात, गोळी सुटते, माणसं पडतात, आणि मग आपण सगळे पॅनकेक खायला जातो. गेल्या वर्षी अडीचशे वर्षं झाली म्हणून गर्दी जास्तच होती. धूर विरत असताना माझ्या मनात आलं ते एवढंच, की हे जे आपण आत्ता पाहिलं ते नाटक आहे, आणि १७७५ साली याच वसाहतीत नाटक करणं हा गुन्हा होता.

अतिशयोक्ती नाही. मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळानं १७५० साली नाटकबंदीचा कायदा केला. खेळाला जागा देणाऱ्याला वीस पौंड दंड, आणि नटांना नि प्रेक्षकांना प्रत्येकी पाच पौंड. पाहणारासुद्धा गुन्हेगार! कारणं प्युरिटन वळणाची होती: नाटकानं पैसा उधळला जातो, कामधंदा बुडतो, नीती बिघडते. क्रांती होऊन गेली, देश स्वतंत्र झाला, तरी १७९०च्या दशकापर्यंत हा कायदा पुस्तकात होता.

अशा ठिकाणी एका बाईनं क्रांतीची नाटकं लिहिली. मर्सी ओटिस वॉरन. केप कॉडवरच्या बार्नस्टेबलची, जन्म १७२८चा. तेरा भावंडांतली तिसरी. भावाला शिकवायला जे पाद्रीकाका होते त्यांच्याकडे तीही बसायची. भाऊ हार्वर्डला गेला, ती गेली नाही, हे वेगळं सांगायला नको. लग्न होऊन ती प्लिमथला आली, पाच मुलगे झाले. नवरा जेम्स वॉरन राजकारणात होता आणि त्यांच्या दिवाणखान्यात इंग्रजांविरुद्धच्या बैठका होत. तिनं नाटक वाचलं होतं भरपूर. पण रंगमंचावर होताना पाहिलं असेल असं मानायला जागा नाही. स्वयंपाक कधी न चाखता पाककृती लिहाव्यात, तसं.

या बाईची नाटकं इथल्या शाळांतून आता नावापुरती सांगितली जातात: ‘क्रांतीची लेखणी’ वगैरे. वाचत कोणी नाही. मी वाचली, आणि मला वाटतं की त्यातली दोन दुर्लक्ष केलं तरी चालेल अशी आहेत, पण एक फार वेगळं आहे. ते वेगळं का झालं, हे या लेखात सांगायचं आहे.

पहिलं ‘द अ‍ॅड्युलेटर’. १७७२च्या मार्च-एप्रिलमध्ये ‘मॅसॅच्युसेट्स स्पाय’ या वर्तमानपत्रात त्याचे तुकडे आले, लेखकाच्या नावाशिवाय. स्थळ ‘सर्व्हिया’ नावाचा एक काल्पनिक देश. तिथला जुलमी सत्ताधीश रॅपेशिओ, म्हणजे गव्हर्नर थॉमस हचिन्सन, हे तेव्हाच्या वाचकाला पहिल्या ओळीतच कळत असणार. समोर देशभक्त मंडळी, रोमन नावांची: ब्रूटस, कॅशिअस. आपल्याला ही युक्ती नवी नाही. खाडिलकरांनी १९०७ साली ‘कीचकवध’ आणलं तेव्हा कीचक म्हणजे कर्झन, सैरंध्री म्हणजे हिंदुस्थान, हे पिटातल्या प्रेक्षकालाही सांगावं लागलं नाही. सरकारलाही कळलं, आणि १९१०मध्ये बंदी आली.

पण दोन्ही शेजारी ठेवली की ‘अ‍ॅड्युलेटर’चं दुबळेपण दिसतं. खाडिलकरांच्या हाताशी महाभारत होतं. कर्झन विसरला तरी द्रौपदीचा अपमान आणि भीमाचा संताप शिल्लक राहतो. सर्व्हियाला अशी कुठलीच गोष्ट नाही. रॅपेशिओ कोण हे कोडं सुटलं की नाटकात पाहण्यासारखं उरत नाही. देशभक्त लांबलचक निर्यमक पद्यात बोलतात आणि सगळे एकाच आवाजात बोलतात.

एक गोष्ट मात्र वाचून संपल्यावरही सुटत नाही. ब्रूटस हा तिचा भाऊ जेम्स ओटिस, असं बहुतेक अभ्यासक मानतात. १७६१ साली इंग्रजांच्या झडती-वॉरंटांविरुद्ध कोर्टात तासन्‌तास बोललेला हा वकील. १७६९मध्ये बॉस्टनच्या एका कॉफीगृहात एका जकात अधिकाऱ्याशी मारामारी झाली, डोक्याला जबर मार बसला, आणि आधीच डळमळीत असलेलं मन ढासळत गेलं. १७७१मध्ये त्याला कायद्यानं वेडा ठरवलं गेलं. पुढच्याच वर्षी बहिणीच्या कागदावर ब्रूटस शांत, ठाम, सगळ्यांना धीर देणारा असा उभा आहे. नाटक म्हणून तो प्रवेश फसला आहे. पण तो कोणी, कधी लिहिला हे कळल्यावर मला तो हसण्यावारी नेता आला नाही.

दुसरं ‘द डिफीट’, १७७३चं. हचिन्सननं लंडनला पाठवलेली खाजगी पत्रं फुटली, त्यावर झटपट लिहिलेलं. ते वर्तमानपत्राचं लेखन आहे, त्या आठवड्यासाठीचं. पुढे जाऊ.

‘द ग्रुप’ हे तिसरं. १७७४मध्ये लंडनच्या पार्लमेंटनं मॅसॅच्युसेट्सचं निवडलेलं सल्लागार मंडळ रद्द करून राजानं नेमलेलं मंडळ आणलं. ज्या स्थानिक मातबरांनी ही नेमणूक स्वीकारली, ते या नाटकातली पात्रं. जानेवारी १७७५मध्ये काही भाग वर्तमानपत्रांत आला आणि ३ एप्रिलला पुस्तिका निघाली. लेक्सिंग्टनला गोळी सुटायला तेव्हा सोळा दिवस उरले होते.

नावांपासूनच मजा आहे. हेटऑल, सगळ्यांचा द्वेष करणारा. हेक्टर मशरूम: नाव ट्रॉयच्या वीराचं, आडनाव कुत्र्याच्या छत्रीचं. क्रस्टी क्रोबार, म्हणजे तिरसट पहार. सर स्पॅरो स्पेंडॉल, ज्याला मराठीत उधळे चिमणराव म्हणावं लागेल. सिंपल सॅपलिंग, कोवळं रोपटं. हेझलरॉड, म्हणजे छडी, हा मुख्य न्यायाधीश पीटर ऑलिव्हर. ही सगळी माणसं खरी होती, शेजारपाजारची होती, कितीकांच्या घरी तिचं जाणंयेणं असणार. न्यू इंग्लंडचा वरचा वर्ग म्हणजे तरी किती घरं! आपल्या मंडळातल्या पंधरा जणांना घेऊन कोणी प्रहसन लिहिलं आणि ते निनावी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलं तर जी दाणादाण उडेल, ती कल्पना करा.

आणि या नाटकात नायक नाही. ब्रूटस नाही, कॅशिअस नाही, एकही देशभक्त नाही. दोन अंकभर ही फितूर मंडळी एका खोलीत बसून आपसात बोलतात. घटना जवळजवळ शून्य. कोणी पैशासाठी विकला गेलाय, कोणी पदासाठी, कोणी निव्वळ भीतीनं, आणि प्रत्येक जण ते कबूल करतो, कारण ऐकणारे सगळे तसलेच आहेत. एकाला रात्री झोप लागत नाही. दुसरा त्याला समजावतो की सद्सद्‌विवेक ही सवयीची गोष्ट आहे. बाहेर सैन्य आहे, त्याहून बाहेर संतापलेला गाव आहे, आणि तो गाव नाटकभर दिसत नाही. ‘अ‍ॅड्युलेटर’मध्ये जे देशभक्त भाषणं देऊन कंटाळा आणत होते, ते इथे नसल्यानं भयंकर झाले आहेत. मर्सीला सज्जन माणसं लिहिता येत नाहीत. दुर्जन उत्तम लिहिता येतात. ते तिच्या लक्षात आलं असावं, किंवा घाईत आपोआप झालं असेल. काही असो, नाटक त्यामुळे उभं राहिलं.

दुसरी गोष्ट रंगसूचनांची. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला जेवणघर आहे: टेबलावर बाटल्या, पेले, पत्ते. कोपऱ्यात पुस्तकांचं एक लहान कपाट. आणि मग रंगसूचनेत त्या पुस्तकांची यादी येते. हॉब्जचं ‘लेव्हायथन’, हचिन्सनचा इतिहास, पत्त्यांच्या खेळाचं हॉइलचं पुस्तक, स्टुअर्ट राजांची चरित्रं, १७७४चे पार्लमेंटचे कायदे. आता विचार करा, हे नाटक खरंच रंगमंचावर झालं असतं तर तिसऱ्या रांगेतल्या माणसाला तरी त्या कपाटातली नावं वाचता आली असती का? नाही. ही सूचना नेपथ्यकारासाठी नाहीच, ती वाचणाऱ्यासाठी आहे. बंदीमुळे जो रंगमंच मिळाला नाही, त्याची भरपाई तिनं कागदावर केली आहे. मुखपृष्ठावर तर हे नाटक नुकतंच झालं असून पुन्हा होणार आहे, अशी थाप ठोकून दिली आहे. तेही खरंच होतं म्हणा, कारण ती मंडळी बॉस्टनमध्ये ते रोज करतच होती.

‘ग्रुप’ हे नाटक नव्हे, संवादरूप लेख आहे, अशी टीका करता येते. मला ती पटत नाही. वर्तमानपत्र तेव्हा एकटं बसून वाचायची वस्तू नव्हती. खानावळीत, दुकानात एक वाचायचा आणि दहा ऐकायचे. दहा जणांसमोर हेटऑलचं बोलणं मोठ्यानं वाचताना आवाज न बदलता वाचून दाखवा बघू! जिथे नाट्यगृहाला कुलूप आहे तिथे नाटक कुठे होतं, याचं हे उत्तर आहे. दंड कोणाला करणार?

आता बायका. पात्रांच्या यादीत एकही नाही. पण बोलण्यात येतात. सिंपल सॅपलिंग आपलं घर सैन्याला राहायला देऊ करतो, आणि म्हणतो की बायको, सिल्व्हिया, स्वभावानं गरीब आहे, नवऱ्याचं नाव होईल म्हटल्यावर शिपायांना वाढेल. सॅपलिंग म्हणजे मार्शफील्डचा नथॅनिएल रे थॉमस. त्याच जानेवारीत इंग्रज सैनिक त्याच्या जागेत खरोखर येऊन राहिले होते, आणि मार्शफील्ड प्लिमथच्या शेजारी. वर्तमानपत्रांत बातमी सैन्याची होती. त्या घरातल्या बाईचं काय, हा प्रश्न नाटकानं विचारला, आणि तोही एका फितुराच्या तोंडून, त्याला न कळत.

हेटऑल त्याच्या पुढे जातो. आपण बायकोशी तिच्या पैशासाठी लग्न केलं, तिची रग कशी जिरवली, आणि शब्दांनी ऐकत नसेल तर ओल्या फोकानं कशी ऐकते, याचा नुस्खाच तो टेबलाभोवतीच्या नवऱ्यांना देतो. विनोद म्हणून. टेबलावरच्यांना तो विनोदच वाटतो. हाच मनुष्य वसाहत कशी वठणीवर आणावी याचाही नुस्खा त्याच सुरात सांगतो. मर्सी दोन्हींमध्ये एकही जोडशब्द घालत नाही. घरातला जुलूम आणि राज्यातला जुलूम एक, असं एखाद्या निबंधात लिहिलं असतं तर आपण मान डोलावून पुढे गेलो असतो.

हेटऑल म्हणजे ब्रिगेडियर टिमथी रगल्स, आणि इथे तिच्याकडून अन्यायही झाला आहे. १७६५च्या स्टॅम्प अ‍ॅक्ट काँग्रेसचा हा अध्यक्ष होता; जेम्स ओटिसही तिथे प्रतिनिधी होता. आपल्या राजावरच्या निष्ठेपायी त्यानं पुढे घरदार, जमीन, सगळं गमावलं आणि नोव्हा स्कोशियात जाऊन नव्यानं संसार मांडला. असा माणूस नुसता ‘द्वेष्टा’ नसतो. तो आपल्या बायकोशी खरंच तसा वागला का, हेही नाटकावरून ठरवता येत नाही. उपहासाला घाई असते आणि घाईत माणसाचं नाव बदललं की काम भागतं. तिला हे टोचत होतं. जॉन अ‍ॅडम्सला जानेवारी १७७५मध्ये लिहिलेल्या पत्रात तिनं विचारलं आहे की अशी व्यक्तींवरची टीका बाईच्या शीलाला शोभते का. अ‍ॅडम्सनं बिनदिक्कत लिही म्हणून कळवलं. त्याला लेखणी हवी होती. न्याय-अन्यायाचा प्रश्न तिनं ‘बाईला शोभतं का’ या शब्दांत विचारला, आणि त्याचं उत्तरही तेवढंच आलं.

पुढच्या वर्षी बॉस्टनमध्ये एक गंमत झाली. वेढ्यात अडकलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी, प्युरिटनांच्या कायद्याला फाट्यावर मारून, चक्क फॅन्युइल हॉलमध्ये नाटकं लावली. जनरल बर्गॉइननं वॉशिंग्टनची टर उडवणारं ‘द ब्लॉकेड ऑफ बॉस्टन’ लिहिलं. जानेवारी १७७६मध्ये प्रयोग होणार, तोच एक सार्जंट धावत आला आणि ओरडला की चार्ल्सटाउनवर हल्ला झालाय. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो नाटकाचाच भाग वाटला. याला उत्तर म्हणून ‘द ब्लॉकहेड्स’ नावाचं एक निनावी गद्य प्रहसन निघालं, गलिच्छ आणि खदखदा हसवणारं. ते मर्सीचं, असं पुष्कळ वर्षं मानलं गेलं. इतर म्हणतात, शक्य नाही, इतकी घाणेरडी भाषा तिची नव्हे. भाषेची लकब आणि छंद पाहता मलाही शंका आहे. पण ‘बाई असं लिहिणार नाही’ हा पुरावा होऊ शकत नाही. हेटऑलचा नुस्खा लिहिणारीला सभ्यतेचं प्रमाणपत्र द्यायची गरज नाही.

स्वातंत्र्य मिळाल्यावर १७९० साली तिनं पहिल्यांदा स्वतःच्या नावानं पुस्तक काढलं, वॉशिंग्टनला अर्पण केलेलं. त्यात दोन शोकांतिका आहेत. त्यातल्या ‘द लेडीज ऑफ कॅस्टाइल’ची नायिका स्पेनमधल्या सोळाव्या शतकातल्या बंडाची: डोन्या मारिया, नवऱ्याचा शिरच्छेद झाल्यावर तोलेदो शहर लढवणारी. अखेर बाई रंगमंचाच्या मध्यभागी आली, नाटकाच्या नावातही आली. वाचायला घेताना मी मोठ्या आशेनं घेतलं होतं. निराशा झाली. मारिया धैर्याचा पुतळा आहे, आणि पुतळ्यासारखीच बोलते. जो दोष ब्रूटसमध्ये होता तोच तिच्यात आहे. सिल्व्हिया, जिला एकही वाक्य नाही, ती मारियापेक्षा जास्त जिवंत आहे, हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण तसं आहे.

याच नाटकांतून ‘गुलामगिरी’ हा शब्द पानोपानी येतो. अर्थ: लंडनचा कर, लंडनचं सैन्य. त्याच बॉस्टनमध्ये खरोखरच्या गुलामीत असलेली फिलिस व्हीटली कविता लिहीत होती, तिचं पुस्तक १७७३ला लंडनमध्ये छापलं गेलं. मर्सीच्या तीन उपहासनाटकांतल्या एकाही खोलीत अशी व्यक्ती दिसत नाही. इकडे पॅरिसमध्ये ओलँप द गूजनं हाच विषय धरून नाटक लिहिलं होतं. कॉमेदी-फ्रान्सेजनं ते १७८५मध्ये स्वीकारलं आणि डिसेंबर १७८९पर्यंत दाबून ठेवलं. शेवटी क्रांतीच्या धामधुमीत रंगमंचावर आलं, वसाहतींत मळे असलेल्या धनिकांनी गोंधळ घातला, तीन प्रयोगांत गुंडाळलं गेलं. गूजला नाट्यगृह मिळालं आणि नाट्यगृहासोबत त्याचे मालक, नट, पैसेवाले प्रेक्षकही मिळाले. १७९३मध्ये तिचा गिलोटिनवर अंत झाला, तो नाटकापायी नव्हे, भिंतीवर लावायच्या एका राजकीय पत्रकापायी. मर्सी प्लिमथला म्हातारी होऊन गेली. निनावी असण्याचे फायदे असतात.

तोटेही असतात. १८०५मध्ये तिनं क्रांतीचा तीन खंडांचा इतिहास छापला. त्यात अ‍ॅडम्सबद्दल जे लिहिलं ते वाचून तो भडकला, पत्रामागून पत्रं लिहिली, मैत्री तुटली. इतिहास हा बायकांचा प्रांत नव्हे, असंही त्यानं एका मित्राला कळवलं. पुढे कशीबशी दिलजमाई झाली. आणि १८१४मध्ये मर्सीच्या कानावर आलं की ‘ग्रुप’ भलत्याच कोणा पुरुषानं लिहिलं असं सांगितलं जातंय. वय ८५. तिनं अ‍ॅडम्सलाच लिहिलं: तुम्हाला माहीत आहे ना? ७८ वर्षांच्या अ‍ॅडम्सनं बॉस्टन अथेनियम ग्रंथालयातल्या प्रतीवर लिहून ठेवलं की हे नाटक मिसेस वॉरन यांचं आहे, हे मी खात्रीनं जाणतो. ती त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वारली.

हिवाळ्यात आमच्या नाट्यवाचनाच्या गटानं ‘ग्रुप’ वाचलं. तळघरात, आठ जण, मूळ इंग्रजीतच; अडलं तिथे मराठीत. तासाभरात होतं. हेटऑल माझ्याकडे आला होता. फोकाचा नुस्खा मी जरा रंगवूनच वाचला आणि खोली हसली, पुरुष जास्त. माझी बायको समोर बसली होती. तीही हसली, आणि मग मला पुढची ओळ सापडेना.

नाटकाच्या शेवटी, मंडळी पांगायच्या बेतात असताना, बाजूच्या कोनाड्यात पहुडलेली एक बाई बोलायला लागते. नाव नाही, यांच्यापैकी कोणाची तरी जवळची, एवढंच सांगितलंय. ती येऊ घातलेलं रक्त पाहते, कोण मरणार, कोण जिंकणार ते सांगते, आणि नाटक तिच्या बोलण्यावर संपतं. दोन अंकभर ती तिथेच होती, सगळं ऐकत. हे भाषण ज्या वहिनींच्या वाट्याला दिलं होतं त्या तासभर काही वाचायला नाही म्हणून वर चहा टाकायला गेल्या होत्या. त्यांची पाळी आली तेव्हा जिन्यापाशी जाऊन हाक मारावी लागली.